अंगणवाडी : एका शब्दाचा सरकारी प्रवास

‘अंगणवाडी’ हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे की तो उच्चारताच वजनकाटा, खिचडीचे पातेले आणि नोंदवह्यांची चळत डोळ्यांसमोर येते. परंतु हा शब्द सरकारी कचेरीत जन्मलेला नाही. तो तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडक यांच्या कामातून रूढ झाला. पुढे शासनाने तो उचलला. उचलताना काय घेतले आणि काय मागे ठेवले, याचा हिशेब मांडण्याजोगा आहे.

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघाला. या सर्व कामामागे माँटेसोरीची दृष्टी होती. अडचण एवढीच की तिची साधने महाग होती आणि तिचा लाभ मुख्यतः शहरातील सुखवस्तू घरांना मिळत होता. १९४४ च्या सार्जंट अहवालाने दहा लाख मुलांसाठी विनामूल्य पूर्वप्राथमिक शिक्षणाची शिफारस केली खरी, पण ती कागदावरच राहिली.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी तेथे रुजू झाल्या. गावातील बालवाडीत दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांवरील मुले येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. विकत आणलेल्या साधनांची जागा शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा वारली मुलांच्या जगण्याने आणखी धडे दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड कडेवर असलेली मुलगी शाळेत येऊ शकत नाही, हे ध्यानी आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदवणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. स्वच्छता, आरोग्य आणि सांभाळ या गोष्टी तेथे शिक्षणापासून वेगळ्या नव्हत्या, आणि हे सारे करणारी बाई शिक्षिकाच होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. केंद्राचे नाव अंगणवाडी. कुपोषणाच्या देशात आहाराला अग्रक्रम देणे योग्यच होते, आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, हे यशही लहान नाही. मात्र मोजमाप झाले ते वजनाचे आणि वाटपाचे. गोष्ट किती रंगली, मूल किती बोलू लागले, याला तक्त्यात रकाना नव्हता.

शिकवणारीचे नावही बदलले. ती ‘सेविका’ झाली आणि तिला पगाराऐवजी ‘मानधन’ मिळू लागले : आरंभी मॅट्रिक न झालेलीस दरमहा १०० रुपये, मॅट्रिक झालेलीस १५०. सेवा म्हटली की तिचा मोबदला मागणे जणू अशोभनीय ठरते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय पद नव्हे, असा निर्णय दिला. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

कायद्यातही असेच घडले. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा उल्लेख होता. खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयोगटाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतील मुले मार्गदर्शक तत्त्वांत ठेवली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे अकरावे कलम तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हणते; ‘करील’ असे म्हणत नाही. या एका क्रियापदाने लक्षावधी मुलांचे शिक्षण हक्काऐवजी मर्जीचे झाले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. म्हणजे बोर्डीत जे गृहीत होते, ते दिल्लीत लिहिले जायला पाऊणशे वर्षे लागली. पण या टप्प्याची पहिली तीन वर्षे बहुसंख्य गरीब मुले आजही मानधनावरच्या सेविकेपाशीच काढतात. ती शिक्षिका आहे, असे शासन मान्य करणार असेल, तर तिला शिक्षिकेचे प्रशिक्षण, वेळ आणि वेतन द्यावे लागेल. नाहीतर ताराबाईंचा शब्द तेवढा पाटीवर राहील आणि त्यांची शाळा कोसबाडच्या टेकडीवरच राहील.