सर्व्हिसिंगनंतर लिफ्ट थरथरते, ऑईल दुधाळ दिसतं? पंप बदलायला हो म्हणण्याआधी हे तपासा

शोरूममधून काम करून आणलेला ट्रॅक्टर किंवा जेसीबी आठ दिवसांत परत त्रास देतो. पुन्हा नेला की सांगतात, ‘पंप गेला, नवीन टाकावा लागेल.’ पेरणी तोंडावर असते, माणूस हो म्हणून बसतो. पण जो दोष आधी नव्हता आणि काम झाल्यावर आला, तो आधी जिथं खोललं होतं तिथंच शोधायचा. पंप चांगला असूनही चुकीचं ऑईल, कमी-जास्त लेव्हल, चिमटलेली ओ-रिंग किंवा सैल क्लिप यामुळं हाच त्रास होतो.

मशीन सपाट जागेवर लावा, लिफ्ट किंवा बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून थोड्या वेळानं काडी बघा. लेव्हल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि रडल्यासारखा आवाज करतो. खुणेच्या वर भरलेलं असलं तरी ऑईल फेसाळतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

ऑईल पांढरट दिसलं तर काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खालून वर साफ होत गेलं तर ती हवा आहे. मग सक्शन पाइपची क्लिप आणि फिल्टरची ओ-रिंग बघा. तसंच दुधाळ राहिलं तर पाणी समजा. खात्री करायची तर जुना तवा तापवून चुलीवरून खाली घ्या आणि लांबून एकच थेंब टाका. तडतडला तर पाणी नक्की.

इंजिनचं ऑईल दुधाळ झालं असेल, विशेषतः हेड किंवा लायनरचं काम झाल्यावर, तर इंजिन पुन्हा चालू करू नका. रेडिएटरचं पाणी आत उतरतंय. तसंच चालवलं तर बेअरिंग जातात आणि मग क्रँकचं काम निघतं. इंजिन ऑईलची लेव्हल न भरताच वाढली आणि ते पातळ होऊन डिझेलचा वास आला, तर डिझेल उतरतंय. डिझेलचा वास नाही, पण तिकडं हायड्रॉलिक ऑईल कमी होतंय, तर इंजिनवर बसवलेल्या पंपाचं शाफ्ट सील बघायला लावा. पंप काढून बसवताना ते उलटं बसलं किंवा फाटलं की असं होतं.

तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला मागच्या हाउसिंगमध्ये त्याच कामाचं ऑईल लागतं. साधं गिअर ऑईल टाकलं की ब्रेक किरकिरतात, थरथरतात. ब्रेकच्या डबीचंही तसंच. काही मशीनला डॉट ३ किंवा डॉट ४ लागतं, काहींना मिनरल ऑईल. अदलाबदल झाली की रबरी सील खराब होतात आणि ब्रेकच धोक्यात येतो. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच बिलावर आहे का, एवढं जुळवून बघा.

बारीक गळती हातानं चाचपू नका. दाबातलं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, दुखणं सुरुवातीला किरकोळ वाटतं, पण हात गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. तेल घुसलंच तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.

आता भांडायचं कसं? ऑईल सांडून टाकायच्या आधी बाटलीत नमुना ठेवा, तारीख लिहा, काडीचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ काढा. जॉबकार्ड, बिल आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं वर्कशॉपात कुणाला आठवत नाही. दुसऱ्या मिस्त्रीनं खोललं की शोरूमवाले त्याच्यावर ढकलतात, म्हणून वॉरंटीत असेल तर आधी त्यांनाच लेखी कळवा.

दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ऑनलाइनही. स्वतःच्या शेतीचा ट्रॅक्टर असेल तर अडचण कमी. जेसीबी भाड्यानं चालवत असाल तर ‘व्यापारी वापर’ म्हणून समोरचा हरकत घेतो. तेव्हा स्वतः राबून त्यावरच पोट भरतो, हे कागदानं दाखवावं लागतं.