जिओकॅश मालिका, युद्धपटविषयक

जिओकॅश मालिका, युद्धपटविषयक : एखाद्या नटाच्या युद्धपटांचे सूत्र धरून लपवलेल्या आणि जीपीएसच्या साहाय्याने शोधायच्या डब्यांचा संच (पहा : जिओकॅशिंग, युद्धपट).

उगम : इंग्लंडमधील डार्टमूर येथे १८५४ मध्ये सुरू झालेला, लपवलेल्या पेट्या शोधण्याचा लेटरबॉक्सिंग हा खेळ जिओकॅशिंग या छंदाचा पूर्वावतार. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने नागरी जीपीएस संदेशांत हेतुतः ठेवलेली त्रुटी काढून टाकली; त्यामुळे स्थान अधिक अचूकपणे शोधता येऊ लागले. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा ठेवला (पहा : जीपीएस). पुढे एकाच विषयाने जोडलेल्या मालिका रूढ झाल्या.

वैशिष्ट्ये : मालिकेतील प्रत्येक डब्याला एका चित्रपटाचे नाव देतात. जॉन वेन यांच्यावरील मालिकेसाठी ‘दे वेअर एक्स्पेंडेबल’ (१९४५), ‘सँड्स ऑफ इवो जिमा’ (१९४९), ‘द लाँगेस्ट डे’ (१९६२) व ‘द ग्रीन बेरेट्स’ (१९६८) ही नावे उपलब्ध होतात (पहा : वेन, जॉन). डब्यात नोंदवही असते. शोधाची काठिण्यपातळी आणि भूभागाची दुर्गमता १ ते ५ अशा श्रेणींत दर्शवितात. दोन डब्यांत सर्वसाधारणपणे किमान १६१ मी. अंतर राखावे लागते. कोडे-प्रकारात भूमिका, प्रदर्शनवर्ष यांसारख्या तपशिलांतून अक्षांश-रेखांशांचे अंक काढावे लागतात. डब्यांत विखुरलेल्या अंकांवरून अखेरच्या अतिरिक्त (बोनस) डब्याचे स्थान ठरते.

महत्त्व : अशा मालिकांमुळे चित्रपटांची उजळणी, नकाशावाचन व पदभ्रमण यांची सांगड घातली जाते (पहा : पदभ्रमण).