दुसरी किल्ली

पुण्याकडे आम्ही 'किल्ली' म्हणतो, मुंबईकर 'चावी' म्हणतात. नाव काहीही घ्या, ती गाडीत राहिली आणि दार लागलं की दोघांची अवस्था एकच! काचेतून किल्ली दिसत असते, आणि आपण बाहेर उभे. शहाण्यासुरत्या माणसांवर ही वेळ का येते, याचा विचार करताना लक्षात आलं की या फजितीलाही एक इतिहास आहे. इतिहास हा माझा शिकवायचा विषय, त्यामुळे राहवलं नाही.

सुरुवातीच्या मोटारींत ही फजिती शक्यच नव्हती. 1886 साली कार्ल बेंझने पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला दारच नव्हतं, मग कुलूप कुठलं? 1888 साली त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. किल्ली असती तर बाईंना आधी नवऱ्याच्या खिशात हात घालावा लागला असता!

पुढे 1908 साली हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' आली. 1927 पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. पुढून हँडल मारून ती सुरू करायची. (आपल्याकडेही जुन्या गाड्यांना हँडल मारताना माझ्या वयाच्या मंडळींनी पाहिलं असेल.) तिच्या स्विचला किल्ली होती, पण 1919 नंतरच्या गाड्यांना किल्ल्यांचे नमुने अवघे 24, आणि आपला नमुना कोणता तो आकडा स्विचवरच कोरलेला! म्हणजे किल्ली हरवली तर शेजाऱ्याची चालण्याचा संभव बराच. चोरालाही तेवढीच सोय, हे ओघानं आलंच.

1912 मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मागे पडू लागलं. 1920 नंतरच्या दशकात छप्पर आणि काचा असलेल्या बंद गाड्या रूढ झाल्या. गाडीला घरासारखं आत आणि बाहेर झालं, दाराला कुलूप आलं, आणि माणूस पहिल्यांदा स्वतःच्याच गाडीबाहेर अडकू लागला. 1949 साली क्रायस्लरने किल्ली फिरवून एंजिन सुरू करण्याची पद्धत आणली. आता किल्ली सतत स्विचमध्ये लागलेली. उतरताना दाराचं बटण दाबलं, दार ओढलं, की संपलं.

आपल्याकडे हे दुखणं थोडं उशिरा आलं, पण त्यावर औषध होतं. प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दाराला एक तिकोनी काच असे. तिची खिटी सैल असली की हात आत घालून दार उघडायचं. नाहीतर काच आणि रबर यांच्या फटीतून तार किंवा स्टीलची फूटपट्टी सारायची. शाळेच्या आवारात पाहुण्यांची गाडी अशी अडकली की पहिली हाक वर्गातल्या फूटपट्टीला येई. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, आणि फूटपट्टीची विद्याही तिच्याबरोबर गेली म्हणायची.

अमेरिकेत मात्र यात सरकारला लक्ष घालावं लागलं. 1970 पासूनच्या नव्या गाड्यांत किल्ली स्विचमध्ये ठेवून चालकानं दार उघडलं, तर इशारा वाजलाच पाहिजे असा नियम झाला. गंमत बघा, हेतू विसराळू माणसाला वाचवण्याचा नव्हता. किल्ली लावून ठेवलेल्या गाड्या चोरीला जात आणि चोर त्या बेफाम हाकून अपघात करत, म्हणून तो नियम. फायदा मात्र विसराळूंनाही झाला.

त्या काळचा लोकप्रिय उपाय म्हणजे लोहचुंबकाची डबी. जास्तीची किल्ली तीत घालून गाडीच्या खाली लोखंडाला चिकटवायची. आपण घराची किल्ली तुळशीच्या कुंडीत ठेवतो, तसंच हे. आणि दोष तोच: जी जागा आपल्याला सुचते ती चोरालाही सुचते. शिवाय खड्ड्यांच्या रस्त्यावर डबी कधी गळून पडली ते कळतही नाही.

मग किल्लीच बदलली. 1990 नंतर युरोपात किल्लीच्या मुठीत चिप आली. तिची ओळख पटल्याशिवाय एंजिन सुरू होत नाही. 1998 पासून तिथल्या नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं. याचा एक फायदा फार थोड्यांच्या लक्षात येतो. किल्लीची पूर्वीची दोन कामं आता वेगळी झाली. चिप नसलेली साधी धातूची नक्कल चावीवाल्याकडून करून घेतली, तर तिनं दार उघडतं, पण गाडी सुरू होत नाही. अडकलेल्याला हवं असतं ते एवढंच! ती पाकिटात ठेवावी.

बटणाच्या 'स्मार्ट' किल्लीचं मात्र उलटं. ती गाडीतच लपवून ठेवली तर गाडीला वाटतं, मालक जवळच आहे. मग काही गाड्या कुलूपच लावत नाहीत, आणि काही कुणालाही दार उघडून देतात. त्या किल्लीच्या पोटात बहुधा एक साधी धातूची पट्टी असते. बॅटरी संपली तर तिनं दार उघडतं. ती कशी काढायची ते घरी बसून शिकून ठेवा, भर उन्हात रस्त्यावर नको.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. आमच्या नात्यात एका घरी दोन वर्षांचं मूल आत, किल्लीही आत, आणि त्यानं खेळता खेळता आतून बटण दाबलं. मे महिन्याची दुपार. मोठी माणसं दुसरी किल्ली कुठे आहे यावर चर्चा करत राहिली. शेवटी वॉचमननं काच फोडली. मूल घामानं निथळत होतं, पण सुखरूप होतं. बंद गाडीतली हवा उन्हात पहिल्या अर्ध्या तासातच भयंकर तापते, आणि मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. 1998 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन आठवड्यांत 11 मुलं डिकीत अडकून गेली. त्यानंतर तिथे डिकी आतून उघडणारी कळ सक्तीची झाली. नियम बहुधा असेच, कुणीतरी किंमत मोजल्यावर होतात.

म्हणून मूल किंवा म्हातारं माणूस आत असेल तर किल्लीची वाट पाहू नका. 112 ला फोन करा, आणि माणसापासून लांबची काच फोडा. काच नवी मिळते.

बाकी वेळी दुसऱ्या किल्लीची सगळ्यात सुरक्षित जागा गाडीत नसतेच. ती असते विश्वासाच्या माणसाकडे. आमच्या वाड्यात सगळ्यांच्या किल्ल्या एका काकूंकडे असत. फ्लॅटमध्ये आल्यावर शेजारी अशी काकू शोधावी लागते, आणि किल्लीच्या निमित्तानं ती सापडली तर वाईट काय?

तर मंडळी, तुमच्या गाडीची दुसरी किल्ली आत्ता कुठे आहे? उठा आणि बघून या.