बाईकला कारचा टायर: 'डार्कसाइड' म्हणजे काय?

अमेरिकेत होंडा गोल्डविंगसारख्या जड टूरिंग बाईकच्या मागच्या चाकाला काही जण चक्क कारचा टायर बसवतात. यालाच 'डार्कसाइड' म्हणतात. जुन्या (२०१७ पर्यंतच्या) जीएल १८०० मॉडेलचा मूळ टायर १८०/६०-१६. त्याजागी बऱ्याचदा १९५/५५-१६ रनफ्लॅट येतो. कारचं रबर कडक, झिजतं कमी, पैसे वाचतात.

पण बाईक वळणावर झुकते ना! तिचा टायर त्यासाठीच गोल असतो. कारचा सपाट, म्हणून झुकल्यावर त्याच्या कडेवर भार येतो आणि हँडलला जास्त जोर लावावा लागतो.

खरी भीती रिमची. टायर जिथे बसतो ती कड दोन्हींत वेगळी असते. तो बसवायला जास्त हवा भरली तर फुटून माणूस जखमी होऊ शकतो. टायर कंपन्या म्हणूनच नाही म्हणतात.