कमरबंदाचं माहेर

बहिणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून घरच्या चौघांनी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. कार्यक्रमपत्रिकेत एका रात्रीपुढे ‘फॉर्मल नाइट’ असं लिहिलेलं होतं. माझा भाचा डोंबिवलीतल्या भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानातून काळं डिनर जॅकेट, बो आणि पांढरा शर्ट घेऊन आला. सोबत एक छोटी प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात चार बोटं रुंदीची काळ्या सॅटिनची पट्टी होती, पुढे पाच आडव्या चुण्या, मागे इलॅस्टिक आणि हूक.

“मामा, हे काय?”

“कमरबंद.”

“मराठीत काय म्हणतात?”

“मराठीतच सांगितलं.”

त्याला खरं वाटेना. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘कमरबंड’ होतो, म्हणून तो विलायती असणार असा त्याचा समज. तो दूर करायला आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो.

फारसीत ‘कमर’ म्हणजे कंबर आणि ‘बंद’ म्हणजे बांधायची वस्तू. बाजूबंद त्याच घरातला. आपली ‘कंबर’सुद्धा याच फारसी शब्दावरून आलेली. १३४७ मध्ये दख्खनेत बहमनी राज्य उभं राहिलं आणि दरबार, लष्कर, कचेऱ्या यांच्या वाटेने फारसी शब्द मराठीत येत राहिले. त्यांतला हा इतका मुरला की ‘कटी’ पोथीत राहिली आणि घरात, शेतात, अंगणात कंबर आली. आपण कामाला लागताना कंबर कसतो, संकटात कंबर खचते, आणि ज्याने लाज सोडली त्याने कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं असं म्हणतो. कंबरेला काय बांधलंय यावर माणसाची मर्यादा तोलणारी ही भाषा आहे.

पोशाखातही ते तसंच होतं. अंगात जामा किंवा अंगरखा, त्यावर कंबरेला घट्ट गुंडाळलेला शेला आणि शेल्यात खोवलेली कट्यार. शिवाजी महाराजांच्या जुन्या चित्रांत हा शेला ठळक दिसतो. त्याने घोळदार कपडा आवरला जाई, घोड्यावर पाठीला आधार मिळे, हत्यार हाताशी राही. हत्यार नसलेला माणूस पैसे कनवटीला लावी. वारकरी कीर्तनकार आजही उपरणं कंबरेला बांधूनच उभे राहतात. इंग्रजी अमदानीत कचेरीतल्या शिपायाच्या अंगावर पितळी बिल्ल्याचा रुंद पट्टा आला, आणि त्या पट्ट्यावरूनच त्याला ‘पट्टेवाला’ हे नाव पडलं. सरदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा रुबाब पट्ट्यात होता.

इंग्रजांनी हे पाहिलं आणि उचललं. त्यांच्या लिखाणात हा शब्द १६१६ पासून सापडतो. म्हणजे कंपनीच्या सुरतेच्या वखारीची ती सुरुवातीची वर्षं. मात्र स्वतःच्या जेवणाच्या पोशाखात त्यांनी तो घेतला एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं कारण होतं आपला उन्हाळा. संध्याकाळच्या जेवणाला लष्करी अधिकाऱ्याने कोटाखाली वेस्टकोट घालायचाच, अशी शिस्त होती. वैशाखात ते अशक्य होतं. वेस्टकोट काढला तर शर्ट आणि पँट जिथे मिळतात ती जागा उघडी पडते. त्यावरचा उपाय समोरच्या प्रत्येक शिपायाच्या कंबरेला दिसत होता.

१८६५ मध्ये लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी मागे शेपट्या नसलेलं आखूड जॅकेट शिवलं. तोच डिनर जॅकेटचा आरंभ मानतात. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमधला क्लब १८८६ मध्ये सुरू झाला आणि त्या जॅकेटला तिथलं नाव चिकटलं. त्याच १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला. त्यात कमरबंद आहे. पुढे हे जॅकेट आणि ही पट्टी एकमेकांची झाली.

त्यांची गाठ पक्की करण्यात जहाजाचाही वाटा आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईच्या बोटी लाल समुद्रातून थेट विलायतेपर्यंत जाऊ लागल्या. वातानुकूलन नव्हतं, लोखंडी भिंती तापत, तरी पहिल्या वर्गात जेवायला सजून येण्याचा रिवाज सुटत नव्हता. त्यातून तडजोड निघाली ती ‘रेड सी रिग’ : कोट काढायचा, पांढरा शर्ट, काळी पँट आणि कंबरेला कमरबंद. बोटीवरची पहिली आणि शेवटची रात्र या सजण्यातून मोकळी असे, कारण पेट्या उघडलेल्या नसत किंवा पुन्हा बांधलेल्या असत. आजही फॉर्मल नाइट बहुधा बोट दिवसभर समुद्रात असते त्या दिवशीच ठेवतात. त्याच बोटींच्या डेकवर आपले खलाशी राबत होते. पी अँड ओ कंपनीच्या डेकवरच्या खलाशांच्या गणवेशात निळा लांब सदरा आणि कंबरेला लाल रुमाल असे. वर जेवणघरात साहेबाच्या कंबरेला काळं रेशीम, बाहेर वाऱ्यात खलाशाच्या कंबरेला लाल सूत. मूळ एकच.

भाचा ऐकत होता. मग मी त्याला जॅकेटची कॉलर चिमटीत धरायला सांगितली. आत ताठ काहीतरी लागतं. शिंपी त्याला बकरम म्हणतात. आज बकरम म्हणजे कॉलरला ताठपणा देणारं खळीचं कापड, पण मध्ययुगात त्या शब्दाचा अर्थ उंची, तलम कापड असा होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ज्या ‘ताना’ बंदराचं वर्णन केलं ते आपलं ठाणं. तिथून कातडी, सुती कापड आणि चांगलं बकरम परदेशी जातं, असं तो सांगतो. त्याच्याही सात शतकं आधी, इसवी सन ५५० च्या सुमारास, कॉसमस या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याणच्या निर्यातीत तांबं, लाकडाचे ओंडके आणि अंगावरच्या कपड्यांचं कापड नोंदवलं. ज्या खाडीकाठच्या गावांतून आपण रोज लोकलने जातो, ती गावं जगाला कापड नेसवत होती.

आणि हे जुन्या काळातच संपलं नाही. १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ रेमंड वुलन मिल उभी राहिली. सुरुवातीला तिथे स्वस्त, जाडीभरडी घोंगडी निघत. १९४४ मध्ये ती कैलाशपत सिंघानियांनी घेतली आणि हळूहळू तिथून सुटाचं कापड देशभर जाऊ लागलं. १९५८ मध्ये रेमंडचं पहिलं खास दुकान निघालं ते बॅलार्ड इस्टेटमध्ये, म्हणजे बोटी लागतात त्या बॅलार्ड पिअरच्या शेजारी. पोखरण रोडवरच्या जेकेग्रामच्या परिसरात आता उंच इमारती आहेत. पण लग्नात नवऱ्यामुलाला सुटाचं कापड द्यायचं म्हटलं की ठाणे-कल्याणच्या घरांत ज्या मापाने ते जोखलं जाई, ते माप ठाण्यातच घडलं.

म्हणून मला मनापासून सांगायचं आहे : फॉर्मल नाइटसाठी कपडे काढताना परक्याच्या घरी उसन्या कपड्यांत निघालोय असं वाटून घेऊ नका. सूट घाला, त्यात आपल्या हातांचा आणि शब्दांचा वाटा आहे. नाहीतर बंदगळा घाला. औपचारिक पोशाखाच्या जुन्या शिष्टाचारातही आपापल्या देशाच्या पोशाखाला सुटाइतकाच मान आहे. पैठणी तर कुठल्याही दिवाणखान्यात मान वर करून उभी राहते. जेवणघरात वातानुकूलन गार असतं आणि डेकवर वारा पदर उडवतो, म्हणून पदराला पिन आणि अंगावर घ्यायला शाल एवढं मात्र जवळ ठेवावं. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे आणि पाडव्याच्या स्वागतयात्रेत नटूनथटून उतरणाऱ्या गावाला औपचारिक पोशाख म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. सणासाठी आणि समोरच्याच्या मानासाठी माणूस सजतो, एवढाच त्याचा अर्थ.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता चुण्यांचा. वर की खाली? वर. चुण्यांची तोंडं वर उघडी राहतात. नाटकाची तिकिटं त्यांत खोचत, असं सांगतात.

तिसऱ्या दिवशी बोटीवरून फोटो आला. बहीण पैठणीत, दाजी बंदगळ्यात, भाची तिच्या आजीच्या शेल्याच्या ओढणीत. भाच्याचा कमरबंद बरोबर बसला होता आणि वरच्या चुणीतून पांढऱ्या कार्डाचं एक टोक डोकावत होतं. खाली त्याने लिहिलं होतं, “मामा, खोलीची किल्ली कनवटीला लावली.”