पद्मिनीचा वेग आणि राजूर घाट

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या, आधी फियाट आणि पुढे पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या कौटुंबिक गाडीचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे व सुमारे 40 अश्वशक्तीचे होते. सपाट रस्त्यावर इंजिनाची चाकांपर्यंत पोचणारी शक्ती आणि हवेचा व टायरांचा विरोध यांचा तोल जेथे साधतो, तोच गाडीचा कमाल वेग. परंतु हवेवर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट करण्यास ती आठपट लागते, आणि त्यामुळे थोड्याशा वाढीव शक्तीने फारसे काही हाती लागत नाही. गिअरांचे प्रमाण चुकले, तर असलेली शक्तीही वाया जाते.

देऊळघाटाहून बुलढाणामार्गे मलकापूरच्या रेल्वेस्थानकाकडे जाताना लागणाऱ्या राजूर घाटात मात्र हे गणित बदलते, कारण परतीच्या चढावर हवेपेक्षा गाडीचे वजन भारी ठरते: वीसास एक अशा चढावर एक टनाची गाडी ताशी 60 किलोमीटरने नेण्यास केवळ चढासाठीच सुमारे 11 अश्वशक्ती खर्च होतात. वळणांवर तर वेग इंजिन ठरवतच नाही. याच बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर आज मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा असल्याने कमाल वेग यंत्राऐवजी कायद्याने ठरतो.