हाफटोन

छायाचित्रातील करड्या छटा फक्त काळ्या ठिपक्यांनी दाखवण्याचे तंत्र. एकरंगी छपाईत कागदावर काळी शाई तरी असते किंवा कोरी जागा तरी. मधले काही नसते. म्हणून गडद भागात ठिपके मोठे वा दाट ठेवतात, उजळ भागात बारीक वा विरळ. वाचायच्या अंतरावरून डोळा त्यांची सरासरी काढतो आणि गालावरची सावली दिसू लागते. पूर्वी हे काम ब्लॉकमेकरचे होते, आता ते फोटोशॉप, कोरलड्रॉ किंवा गिंप यांसारख्या सॉफ्टवेअरवर होते.

इंग्लंडच्या फॉक्स टॅलबटने 1852च्या पेटंटमध्ये विरळ विणीच्या कापडातून प्रकाश सोडून छटा फोडण्याची कल्पना मांडली. जर्मनीत गेओर्ग मायझेनबाखने 1882 मध्ये ती छपाईच्या व्यवहारात आणली. भारतात या विद्येचा खरा अभ्यास केला तो उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी. कोलकात्यात 1895 मध्ये ब्लॉकचा व्यवसाय उभारून त्यांनी काचेची स्क्रीन आणि ठिपक्यांची मांडणी यांवर स्वतंत्र संशोधन केले आणि ते ब्रिटनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात लिहिले. ब्लॉकच्या पद्धतीत कॅमेऱ्यात फिल्मपुढे आडव्याउभ्या रेघांची काच बसवत, मिळालेली प्रतिमा जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर उतरवत आणि आम्लाने मोकळी जागा कोरून काढत. पत्रा लाकडावर ठोकला, की तो खिळ्यांनी (टाइपांनी) जुळवलेल्या मजकुराशेजारी बसे. अकोल्याच्या ‘मातृभूमी’सारख्या वृत्तपत्रांच्या खिळामुद्रणाच्या काळातील चित्रे अशा ब्लॉकवरची आहेत. वर्तमानपत्री कागद शाई पितो, त्यामुळे तेथे इंचाला 65च्या आसपास रेघांची जाड स्क्रीन लागे. आर्ट पेपरला 133 रेघाही चालत.

संगणकावर दोन वाटा आहेत. पहिलीत ठिपक्यांची जागा ठरलेली आणि आकार बदलता असतो; हाच जुना हाफटोन. दुसरीत ठिपका एकाच मापाचा, पण त्याची जागा बदलती. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांची 1976ची रीत या वाटेची. एक पिक्सेल काळा वा पांढरा केल्यावर उरलेली चूक शेजारच्या चार पिक्सेलांत सोळांश भागांनी वाटायची : उजवीकडे 7, खाली डावीकडे 3, थेट खाली 5 आणि खाली उजवीकडे 1. टाकाच्या टोकाने एकेक ठिपका देऊन काढल्यासारखे चित्र हवे असेल तर एड्रियन सेकॉर्डची 2002ची भारित व्होरोनॉय पद्धत वापरतात. तीत ठिपके एकमेकांपासून अंतर राखतात आणि रांगा दिसत नाहीत.

फोटोशॉपमध्ये चित्र आधी ‘ग्रेस्केल’ आणि मग ‘बिटमॅप’ करून ‘हाफटोन स्क्रीन’ निवडतात. रेघा, कोन आणि ठिपक्याचा आकार तेथेच विचारला जातो. गिंपमध्ये ‘न्यूजप्रिंट’ हे फिल्टर आहे. पत्रिका आणि स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानांत रुळलेल्या कोरलड्रॉमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट (1-बिट)’ या मोडखाली हाफटोन आणि फ्लॉइड-स्टाइनबर्ग दोन्ही मिळतात. एकरंगी कामाला कोन 45 अंशांचा ठेवतात, कारण तिरप्या रांगा डोळ्याला कमी खुपतात.

बटण दाबणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. चित्र कशावर छापायचे ते आधी ठरले पाहिजे. बटर पेपरवर 600 डीपीआयच्या लेझर प्रिंटरने पॉझिटिव्ह काढताना 60 रेघा घेतल्या तर प्रत्येक ठिपक्याला 10 × 10 चा चौकोन मिळतो, म्हणजे कोऱ्यासह 101 छटा. हव्यासाने 120 रेघा घेतल्या तर 26च उरतात आणि कपाळावर पायऱ्या दिसतात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीच्या धाग्यांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतक्या रेघा पेलतात; कापडी पिशवीच्या 110 धाग्यांच्या जाड जाळीवर 25 रेघांपुढे जाऊ नये. शिवाय ठिपका पसरतो. वर्तमानपत्री कागदावर 50 टक्क्यांचा ठिपका 70च्या पुढे जातो, म्हणून ‘कर्व्हज’मध्ये मधल्या छटा आधीच उजळाव्या लागतात.

वऱ्हाडात या तंत्राची कसोटी पाहायची तर गाडगेबाबांचे (1876–1956) चित्र घ्यावे. शेंडगाव हे त्यांचे जन्मगाव, वलगावजवळ देह ठेवला; त्यांचे चित्र जयंतीच्या पत्रकापासून कापडी पिशवीपर्यंत सगळीकडे छापले जाते. पांढरी दाढी आणि ठिगळांचा अंगरखा, अशी दोन टोके त्यात एकत्र आहेत. सरळ ‘थ्रेशोल्ड’ लावून प्रत्येक पिक्सेल काळा किंवा पांढरा केला तर दाढी कोऱ्या कागदात विरते आणि ठिगळे एका काळ्या डागात बुडतात. जो अंगरखा ही त्यांची ओळख, तोच जातो. म्हणून दाढी आणि अंगरखा वेगळे निवडावेत. दाढीच्या कडेला हलकी करडी छटा चढवावी, अंगरख्याच्या सावल्या 85 टक्क्यांवर थांबवाव्यात आणि त्यानंतरच ठिपके पाडावेत. ठिगळांच्या शिवणी दिसल्या तर चित्र साधले.

शाळा-महाविद्यालयांच्या स्मरणिकांसाठी अडचण वेगळी असते. पंजाबराव देशमुखांसारख्या (1898–1965) नेत्याचा एखाद्या प्रसंगाचा मूळ फोटो मिळत नाही, जुन्या अंकातले कात्रण तेवढे असते. ते आधीच ठिपक्यांचे. स्कॅन करून पुन्हा ठिपके पाडले, की दोन जाळ्या एकमेकींवर येऊन चेहऱ्यावर लहरी उठतात. त्यासाठी कात्रण 600 डीपीआयला स्कॅन करावे, स्कॅनरचे ‘डीस्क्रीन’ चालू ठेवावे किंवा ‘गॉशियन ब्लर’ने जुने ठिपके मिटवावेत, आणि मग लहान करून नवी स्क्रीन लावावी. थोडा तपशील जातोच. पण मोठ्या आकारात छापायचे असेल तर जुने ठिपके तसेच राखून रेखाचित्राप्रमाणे छापणे अधिक प्रामाणिक आणि अनेकदा अधिक देखणे ठरते.

तयार फाइल 1-बिट टिफ स्वरूपात, छपाईच्या अचूक मापात ठेवावी. नंतर लहानमोठी केली, की ठिपके फुटतात. जेपेगमध्ये ठिपक्यांच्या कडांना करडी धूळ धरते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास हेच होते, वर मापही घटते. प्रेसला पाठवताना ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय घ्यावा.